स्नायुजन्य संप्रेरके व हृदयविकार

काम करणाऱ्या कंकाल स्नायूंतून रक्तात उतरणारी आणि यकृत, चरबी, रक्तवाहिन्या, हृदय अशा दूरच्या अवयवांवर परिणाम घडवणारी प्रथिने व पेप्टाइडे. यांना ‘मायोकाइन’ हे नाव कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाने २००३ मध्ये दिले. सगळीच मायोकाइने काटेकोर अर्थाने संप्रेरके नाहीत. काही त्याच स्नायूत किंवा शेजारच्या पेशीपुरतीच काम करतात.

राबणारा स्नायू स्वतःच असे प्रथिन रक्तात सोडतो, याचा निर्णायक पुरावा त्याच गटाने २००० मध्ये दिला होता. प्रयोग साधा, पण चिकाटीचा होता. निरोगी पुरुषांनी पाच तास एकाच पायाने गुडघा सरळ करण्याचा व्यायाम केला आणि दुसरा पाय स्वस्थ ठेवला. दोन्ही पायांच्या शिरांतील रक्त तपासले, तेव्हा इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन राबणाऱ्या पायातूनच बाहेर पडत असल्याचे दिसले. व्यायामानंतर रक्तात वाढणारे हे प्रथिन स्नायूंना झालेल्या इजेमुळे किंवा पांढऱ्या पेशींमुळे येते, हा समज त्यामुळे मागे पडला.

इंटरल्यूकिन-६ ची गोष्ट हृदयरोगाच्या संदर्भात सर्वांत गुंतागुंतीची आहे. पोटातल्या चरबीतून ते दिवसरात्र थोडेथोडे झिरपत राहिले, तर रक्तवाहिन्यांतला दाह धुमसत राहतो आणि रोहिणीकाठिण्याला, म्हणजे धमन्या कडक व अरुंद होण्याला, खतपाणी मिळते. या प्रथिनाची पातळी सतत जास्त असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोकाही जास्त आढळतो. व्यायामात मात्र ते झपाट्याने चढते, मॅरेथॉनसारख्या श्रमात शंभरपटीपर्यंत, आणि काही तासांत उतरते. या चढउताराच्या पाठोपाठ दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० वाढते. रेणू तोच, फरक पडतो तो कुठून, किती वेळ आणि कशाच्या सोबतीने येतो यामुळे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश चाचणीत पोट सुटलेल्या व्यक्तींनी १२ आठवडे सायकलिंग केले. त्यांची पोटातली चरबी घटली, पण इंटरल्यूकिन-६ चा मार्ग अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध ज्यांना दिले होते त्यांची घटली नाही.

ही वाढ श्रमाचा कालावधी, तीव्रता, राबणाऱ्या स्नायूंचा आकार आणि त्यांतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा यांवर अवलंबून असते. पुण्यातली पर्वतीची टेकडी एकदा चढून उतरल्याने रक्तातले इंटरल्यूकिन-६ फारसे हलायचे नाही. पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगडाची तास-दीड तासाची चढण, तीही नाश्त्याला फाटा देऊन, ही वेगळी बाब. अर्थात पर्वतीचे इतर फायदे त्यामुळे कमी होत नाहीत.

बाकीच्या मायोकाइनांबद्दल बोलताना हात आखडता घेतलेला बरा. आयरिसिनची घोषणा २०१२ मध्ये झाली तेव्हा बराच गाजावाजा झाला. पुढे ते मोजण्याच्या बाजारातल्या किटवरच संशय घेतला गेला. २०१५ मध्ये वस्तुमान वर्णपटमापनाने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) ते माणसाच्या रक्तात असल्याचे दाखवले, पण अगदी अल्प प्रमाणात. मायोनेक्टिनमुळे हृदयविकाराच्या झटक्यातील इजा कमी होते, मसक्लिनमुळे ताणाखालच्या हृदयाला आधार मिळतो, हे मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून कळते. उंदीर आणि माणूस यांच्यामधले अंतर वर्तमानपत्री मथळ्यांत हमखास गळते.

प्रवाह उलटाही वाहतो. मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ रोखणारे प्रथिन १९९७ मध्ये उंदरांत सापडले. निकामी होऊ लागलेले हृदय स्वतःच ते बनवून रक्तात सोडते आणि त्यामुळे हातापायांचे स्नायू झिजतात, असे उंदरांत दिसले आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला जिना चढताना लागणारी धाप केवळ हृदयाच्या पंपामुळे नसते. मांड्यांची झीजही तिला कारण असते. स्नायू खंगले की मायोकाइने घटतात, हालचाल मंदावते आणि स्नायू आणखी खंगतात.

पुण्याचा या विषयाशी संबंध येतो तो स्नायूंच्या कमतरतेमुळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर-संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. याचे मूळ जन्माआधी शोधणारा अभ्यास पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू आहे. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण पुणेरी बाळांत उणीव होती ती मुख्यतः स्नायू आणि पोटातल्या अवयवांची, पाठीवरची चरबी बऱ्यापैकी टिकून होती. वरून सडपातळ, आतून चरबीयुक्त असा हा देह मधुमेह आणि हृदयविकाराकडे लवकर झुकतो. या अभ्यासाचा विषय मायोकाइने नव्हता. तरी स्नायूंचा साठाच तुटपुंजा असेल तर त्यातून येणारे संदेशही तोकडे पडत असावेत, हा तर्क वावगा नाही.

उपचारात मायोकाइनांचे इंजेक्शन अजून आलेले नाही आणि हृदयरोगतज्ज्ञ त्यांच्या रक्तचाचण्या नेहमीच्या तपासणीत सांगत नाहीत. प्रत्यक्षात उपयोग होतो तो हृदय पुनर्वसनातील व्यायामाचा: चालण्याला किंवा सायकलला जोड म्हणून हलके वजन, रबरी पट्टे, खुर्चीवरून उठबस. पेठांतल्या तालमीत घाम गाळलेल्या ज्येष्ठांना हे पोरखेळ वाटते. पण बायपासनंतर छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने, जोर मारणे वर्ज्य असते आणि पुढेही बैठका काढताना श्वास कोंडून धरू दिला जात नाही, कारण त्याने रक्तदाब एकदम उसळतो.