अर्जाची वेळ ते पैशाची वेळ: म्युच्युअल फंडाचा भाव कसा ठरत आला

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉलीसमोर बोली लागते, शेवटचा आकडा पावतीवर चढतो आणि कांद्याचा भाव ठरतो. व्यापाऱ्याकडून पैसे दुपारी मिळोत की चार दिवसांनी, क्विंटलचा भाव तोच राहतो. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाच्या मनात व्यवहाराची हीच रीत पक्की बसलेली आहे: सौदा झाला त्या क्षणाचा भाव. म्युच्युअल फंडात मात्र फेब्रुवारी 2021 पासून उलटा हिशेब आहे. तुम्ही अर्ज कधी दिला यापेक्षा तुमचे पैसे फंडाच्या खात्यात वापरण्याजोगे कधी झाले, यावर युनिटचा, म्हणजे फंडातल्या तुमच्या हिश्श्याचा, भाव ठरतो. मी फंडांचा डिस्ट्रिब्युटर; माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी निम्म्या इथूनच निघतात. स्टेटमेंटवरची तारीख आणि पैसे भरल्याची तारीख जुळत नाही, आणि गुंतवणूकदाराला वाटतं, मधल्या मध्ये कुणीतरी आपल्याला फसवलं.

हा नियम एका दिवसात आलेला नाही. त्यामागे बरीच वर्षं आहेत, आणि ती कळली की राग थोडा निवळतो.

ओझरच्या विमान कारखान्यातले, नाशिकरोडच्या प्रेसमधले जुने नोकरदार युनिट 64 अजून विसरलेले नाहीत. 1964 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत खरेदीचा आणि परतीचा भाव यूटीआय (युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया) स्वतः जाहीर करत असे. योजनेकडच्या शेअर-रोख्यांची खरी किंमत काय, याच्याशी त्या भावाचा थेट संबंध नव्हता. वर्षानुवर्षं लोकांनी जाहीर झालेल्या भावाने घेतलं आणि दिलं. जाहीर भाव आणि आतली किंमत यांच्यातलं अंतर वाढत गेलं आणि जुलै 2001 मध्ये यूटीआयला खरेदी-विक्रीच थांबवावी लागली. जानेवारी 2002 पासून भाव एनएव्हीशी, म्हणजे योजनेच्या प्रत्येक युनिटमागच्या निव्वळ मालमत्तेशी जोडला गेला. भाव कुणी बसून ठरवायचा नाही, तो त्या दिवशीच्या बाजारातून निघाला पाहिजे, हे आपल्याकडे इतकं महाग पडून कळलं.

पण एनएव्ही आला तरी एक प्रश्न उरतोच: कोणत्या दिवसाचा एनएव्ही? अमेरिकेने 1968 मध्येच नियम केला होता की अर्ज आल्यानंतर जो भाव निघेल तोच लावायचा. म्हणजे घेणाऱ्याला घेताना भाव माहीतच नसतो. कालचा कळलेला भाव लावला, तर आज बाजार वर गेलेला पाहून कुणीही कालच्या दराने आत शिरेल आणि त्याचा फायदा आधीपासून आत असलेल्यांच्या खिशातून जाईल. नियम असूनही 2003 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी उघड केलं की काही बड्या खेळाडूंचे बाजार बंद झाल्यावर, दुपारी चारनंतर आलेले अर्ज आधी आल्यासारखे दाखवून घेतले जात होते. घड्याळाला इतकं महत्त्व का, ते या प्रकरणाने सगळ्या जगाला दाखवलं.

आपल्याकडे बाजाराची नियामक संस्था सेबीने ऑक्टोबर 2006 च्या परिपत्रकाने कट-ऑफच्या वेळा, म्हणजे त्या दिवसाचा भाव मिळण्याच्या शेवटच्या वेळा, सगळ्या फंडांना एकसारख्या केल्या. इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या, फंडासाठी दुपारचे तीन. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, त्याच्या अर्धा तास आधी. मी तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले फॉर्म गोळा करून शरणपूर रोडच्या अर्ज स्वीकारणाऱ्या काउंटरवर आणायचो. अडीच वाजून गेले की छातीत धडधड. काउंटरवर एक छोटं यंत्र असायचं. फॉर्म त्याच्या तोंडात सरकवला की ‘खट्’ असा आवाज, आणि कागदाच्या मागे यंत्राचा कोड, अनुक्रमांक, तारीख आणि वेळ उमटायची. पोचपावतीवरही तोच शिक्का. 14:58 उमटलं की आजचा भाव, 15:01 उमटलं की उद्याचा. अनुक्रमांक सलग असल्यामुळे मागाहून कुणाचा फॉर्म मध्ये घुसवता येत नसे. त्या ‘खट्’वर माझा पूर्ण विश्वास होता आणि ग्राहकालाही तो शिक्का दाखवून सांगता येत असे: हा बघा तुमचा भाव.

त्या शिक्क्यात एक भोक होतं. शिक्का कागदावर बसायचा, पैसा अजून चेकमध्येच असायचा. समजा, एखाद्या कंपनीने तीन वाजायच्या आत एक कोटीचा चेक दिला. युनिट आजच्या भावाने तिच्या नावावर चढले. चेक वटून पैसा फंडाकडे आला परवा. मधले दोन दिवस फंडाने जे कमावलं ते आधीपासून आत असलेल्यांच्या पैशाने कमावलं, पण वाटा मात्र या नव्या कंपनीलाही मिळाला. रोख्यांच्या फंडात तर व्याज रोज चढतं, त्यामुळे न आलेल्या पैशावर व्याज खाण्याची ही सोयच होती. छोट्या माणसाने असं केलं तर फंडाला जाणवतही नाही. कोटींच्या उलाढाली करणाऱ्या कंपन्यांच्या रकमांचं तसं नव्हतं.

म्हणून नोव्हेंबर 2010 मध्ये सेबीने रोख्यांच्या योजनांत एक कोटी आणि त्यावरच्या रकमेला पैसा हाती आल्या दिवसाचा भाव लावला. सप्टेंबर 2012 मध्ये ही मर्यादा थेट दोन लाखांवर आली आणि इक्विटीसुद्धा तिच्यात आली. लिक्विड फंडात, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात, मात्र पैसा वेळेत आला तरच भाव, हे तत्त्व आधीपासून होतं. तिथे मुदतीच्या आत पैसा पोहोचला तर आदल्या दिवसाचा एनएव्ही मिळतो, कारण तो पैसा त्याच दिवशी कामाला लागतो आणि त्या दिवसाचं व्याज गुंतवणूकदाराला मिळायला हवं.

दोन लाखांच्या रेषेने आमच्या धंद्यात एक नवा रिवाज आणला: एक लाख नव्याण्णव हजारांचा चेक. त्यावर उपाय म्हणून एकाच माणसाचे एकाच योजनेतले त्या दिवशीचे अर्ज एकत्र धरले जाऊ लागले. मला मात्र त्या रेषेची दुसरी बाजू जास्त बोचायची. एका निवृत्त शिक्षकांचा अडीच लाखांचा चेक मी वेळेत जमा केला होता. चेक एका छोट्या सहकारी बँकेचा. त्या बँकेचं क्लिअरिंग दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत व्हायचं. पैसे पोहोचायला तीन दिवस गेले, तेवढ्यात बाजार चढला. सरांनी मला काही म्हटलं नाही, फक्त पोचपावतीवरचा शिक्का दोनदा वाचला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की नियम बरोबर असला तरी त्याचा भार ज्याच्या बँकेचा रस्ता लांब त्याच्यावर पडतो.

हा फरक किती मोठा होऊ शकतो, ते मार्च 2020 मध्ये दिसलं. 23 मार्चला, सोमवारी, सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून जास्त कोसळून 25,981 वर बंद झाला. 25 मार्चला गुढीपाडवा. महाराष्ट्रात बँकांना सुट्टी, शेअर बाजार चालू, आणि त्याच दिवशी सेन्सेक्स जवळजवळ सात टक्के चढला. 26 तारखेला तो 29,946 वर पोहोचला. आता सेन्सेक्सवर चालणारा इंडेक्स फंड धरा आणि दोन माणसं धरा. दोघांनीही सोमवारी तीनच्या आत अर्ज दिला, दोघांचा पैसा गुरुवारी पोहोचला. एकाने 1 लाख 90 हजार गुंतवले, त्याला सोमवारचा भाव. दुसऱ्याने 3 लाख गुंतवले, त्याला गुरुवारचा. सोमवारच्या भावाने जितक्या रकमेत 100 युनिट आले असते, तितक्यात त्याला जेमतेम 87 मिळाले. एकच फंड, एकच वेळ, एकच शिक्का.

अशा दुहेरी मापाचं समर्थन करणं कठीण होतं. त्याच एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे इक्विटीची कट-ऑफ वेळही काही महिन्यांसाठी दुपारी एकवर आणावी लागली. सप्टेंबर 2020 मध्ये सेबीने रेषाच पुसली: लिक्विडसारखे फंड सोडले, तर रक्कम पाचशे असो की पाच कोटी, पैसा हाती आल्या दिवसाचा एनएव्ही. अंमल 1 जानेवारी 2021 पासून होणार होता, तो महिनाभर पुढे गेला. हे तेव्हाच शक्य झालं, कारण पैशाचे रस्ते रुंद झाले होते. बँकेतून बँकेत पैसे पाठवणारं एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालू झालं होतं, आणि यूपीआय तर भाजीवाल्याकडेही पोहोचलं होतं.

नियमाचा पहिला दिवस 1 फेब्रुवारी 2021. त्या दिवशी केंद्रीय अर्थसंकल्प होता. सेन्सेक्स पाच टक्के चढून 48,600 वर गेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी जवळपास अडीच टक्के. महिन्याच्या 1 तारखेला एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरलेला हप्ता, असणारे लोक आमच्याकडे पुष्कळ, कारण पगार नुकताच झालेला असतो. त्यांतल्या ज्यांचा हप्ता खात्यातून 1 तारखेला कापला गेला आणि फंडाकडे 2 तारखेला पोहोचला, त्यांना 2 तारखेचा भाव लागला. फोन सुरू झाले. एसआयपीची तारीख म्हणजे पैसे कापायची तारीख, भावाची नव्हे, हे त्या आठवड्यात मी किती वेळा सांगितलं असेल!

नियम न्यायाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्याचा पैसा अजून आलेला नाही, त्याला आत असलेल्यांच्या कमाईत वाटा का मिळावा? पण पैसा कुठे अडकला, हे गुंतवणूकदाराला दिसायला हवं, आणि ते अजून नीट दिसत नाही. ॲपवर ‘पेमेंट यशस्वी’ झळकतं, तेव्हा पैसा बहुतेक वेळा फक्त बँकेतून निघालेला असतो. पेमेंट गेटवे किंवा एक्स्चेंजच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून फंडाच्या खात्यात जायला त्याला आणखी वेळ लागतो, कधी एक दिवस. जुलै 2022 पासून डिस्ट्रिब्युटर-ब्रोकरांनी ग्राहकांचा पैसा स्वतःच्या खात्यात एकत्र करणं सेबीने बंद केलं, तेव्हा त्या रस्त्यावरचा एक थांबा कमी झाला.

शिक्क्याचं यंत्र आता मला क्वचितच दिसतं. माझ्या टेबलाच्या काचेखाली दोन याद्या असतात, एक बँकांच्या सुट्ट्यांची आणि एक बाजाराच्या. दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार हंगामाचे पैसे हाती आल्यावर एकरकमी गुंतवायला येतात, तेव्हा मी आधी दोन्ही याद्या समोर ठेवतो आणि विचारतो, खातं कोणत्या बँकेत आहे. मग कागदावर दोन वेळा लिहून देतो: पैसे तुमच्याकडून निघाल्याची आणि फंडाकडे पोहोचण्याची अपेक्षित. स्टेटमेंट आलं की ते दुसऱ्या वेळेशी ताडून बघतात.