ऊर्जा रूपांतरण : कोराडीपासून कूलरपर्यंत

ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, त्या क्रियेला ऊर्जा रूपांतरण म्हणतात. उष्णता, गती, वीज, प्रकाश, ध्वनी, इंधनात साठलेली रासायनिक ऊर्जा ही तिची नेहमीची रूपे. रूप कितीदाही बदलले तरी एकूण ऊर्जा तेवढीच राहते. शास्त्रज्ञ मायर यांनी 1842 मध्ये हा विचार मांडला. जूल यांनी खाली येणाऱ्या वजनांच्या जोरावर पाणी घुसळून ते किती तापते हे मोजले. हेल्महोल्ट्झ यांनी 1847 मध्ये नियमाला गणिती रूप दिले. शाळेतला धडा बहुधा इथेच संपतो. खरे तर पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे : प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन आसपास विखुरते आणि तिला पुन्हा कामाला लावणे फार अवघड जाते.

नागपूरच्या उत्तरेला असलेल्या कोराडी औष्णिक विद्युत केंद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडते. तिथे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळशाची भुकटी जळून पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्र फिरवते. या संचांत वाफेचे तापमान व दाब पाण्याच्या क्रांतिक बिंदूच्या (374 अंश सेल्सिअस, सुमारे 221 बार; याच्या वर पाणी आणि वाफ यांत फरक उरत नाही) वर ठेवतात, कारण वाफ जितकी तप्त तितका उष्णतेचा मोठा वाटा वीज होऊ शकतो. तरीही कोळशातल्या 100 जूल (जूल हे ऊर्जेचे एकक) ऊर्जेपैकी वीज होते साधारण 40 जूलची. बाकीची ऊर्जा मुख्यतः थंड करणाऱ्या पाण्यातून आणि काही प्रमाणात चिमणीतून बाहेर पडते. नागपूर मेट्रोत उलट दिशेचा प्रवास दिसतो : ब्रेक लागताना मोटर जनित्रासारखी चालते आणि गाडीच्या गतीचा काही भाग पुन्हा वीज होतो.

घरातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र कूलरचे. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या कोरड्या दुपारी पंखा बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. उष्णता नाहीशी होत नाही, वाफेत दडते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे 24 लाख जूल लागतात, म्हणजे विजेचे सुमारे दोन तृतीयांश युनिट. तासाला पाच लिटर पाणी उडाले तर हवेतून तीन युनिटांहून अधिक उष्णता काढली जाते. 200 वॅटचा कूलर त्याच तासात 0.2 युनिट वीज घेतो, आणि तीही मोटर व वारा यांच्या वाटेने शेवटी उष्णताच होते. दारे-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवणे त्यामुळे चुकीचे : दमट हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर बाष्पीभवन मंदावते. जुलैत पाऊस सुरू झाला की हवाच दमट असते, आणि तोच कूलर नुसता वारा देतो.

कोराडीचे शीतलन मनोरेही याच तत्त्वावर चालतात. टर्बाइनमधून निघालेली वाफ ज्या पाण्याने निववतात, ते तापलेले पाणी मनोऱ्यात फवारले जाते. त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते आणि उरलेले गार होते. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई सतत करावी लागते. त्यासाठी भांडेवाडीत प्रक्रिया केलेले नागपूरचे सांडपाणी कोराडीला पुरवले जाते, आणि तेवढे धरणाचे पाणी वाचते.