अमेरिकेत सरकारी अभियंता आहात? कर्जमाफीचा अर्ज नेमका कुठे अडतो

राज्याचं रस्ते खातं, शहराचा पाणीपुरवठा विभाग किंवा एखादं संघीय (केंद्र सरकारचं) खातं, अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या अभियंत्यांना शैक्षणिक कर्जाच्या ओझ्यातून सुटायला दोन वाटा आहेत. लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि अर्ज परत येतो.

पहिली वाट पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस (सार्वजनिक सेवेतल्यांची कर्जमाफी), म्हणजे पीएसएलएफ. पात्र नोकरीत आठवड्याला किमान ३० तास काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. हप्ते सलग नसले तरी चालतात.

कटू गोष्ट आधीच सांगतो. भारतातल्या बँकेचं किंवा कुठलंही खासगी कर्ज इथे बसत नाही. संघीय सरकारने थेट दिलेलं 'डायरेक्ट लोन'च लागतं. विद्यार्थी व्हिसावर येऊन बँकेच्या कर्जावर मास्टर्स केलं असेल, तर फॉर्मपायी सुट्टीचा दिवस घालवू नका. एफएफईएल किंवा पर्किन्स या जुन्या संघीय योजनांतलं कर्ज असेल तर आधी डायरेक्ट कन्सॉलिडेशन करून घ्या, म्हणजे ते डायरेक्ट लोनमध्ये बदलून घ्या.

मग येतो मालकाचा रकाना. सरकारी इमारतीत बसता, सरकारी पूल डिझाइन करता, पण पगार कन्सल्टिंग कंपनी देते? मग साधारणपणे तुम्ही अपात्र. हुद्दा कोणी विचारत नाही. डब्ल्यू-२ (पगार आणि कराचा वार्षिक फॉर्म) वरचा ईआयएन, म्हणजे मालकाचा ओळख क्रमांक, स्टुडंटएड या संघीय विद्यार्थी-कर्जाच्या संकेतस्थळावर टाकून मालक पात्र आहे का ते बघा. फॉर्मवर मालकाची सही दरवर्षी घ्या, नोकरी सोडताना तर न चुकता. दहा वर्षांनी जुन्या ऑफिसात तुम्हाला ओळखणारं माणूस शोधत फिरण्याची पाळी का आणायची?

हप्त्यांची योजनाही तपासा. दहा वर्षांच्या स्टँडर्ड योजनेत सगळे १२० हप्ते भरलेत, तर माफ करायला काही उरतच नाही! फायदा हवा तर उत्पन्नावर आधारित योजना घ्या.

दुसरी वाट फक्त संघीय कर्मचाऱ्यांसाठी. खातं तुमच्या संघीय कर्जापोटी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, एकूण ६०,००० पर्यंत भरू शकतं. 'शकतं' हा शब्द नीट वाचा. हा हक्क नाही, त्या खात्याची मर्जी आणि बजेट. बदल्यात किमान ३ वर्षं सेवेचा लेखी करार करावा लागतो. मध्येच स्वतःहून नोकरी सोडलीत तर पैसे परत मागतात. शिवाय ही रक्कम साधारणपणे उत्पन्न म्हणून धरली जाते, त्यामुळे कर कापून त्या काळात हातात पगार कमी पडेल.