देनारियस: चांदीचा कस उतरत गेला त्याची पार्श्वभूमी

रोमची सत्ता वाढली, त्या मानाने तिथे नाणी उशिरा आली. सुरुवातीला काशाचे ओबडधोबड तुकडे तोलूनच व्यवहार होत. देनारियस हे चांदीचं नाणं पाडलं गेलं ते इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना. लढाईचा खर्च भागवायला भरवशाचं चलन हवं होतं. कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेटाच्या देवळापाशी टांकसाळ होती. नाण्यावर देवदेवता असत, इ.स.पू. ४४ मध्ये जिवंतपणीच ज्यूलियस सीझरचा चेहरा आला. पुढे प्रत्येक सम्राटाने तेच केलं.

खरी गोष्ट मात्र चेहऱ्यांची नाही, धातूची आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात देनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचं होतं आणि एका रोमन पौंडात अशी ८४ नाणी बसत. इ.स. ६४ मध्ये नीरोने तेवढ्याच वजनात ९६ नाणी पाडायला लावली, शिवाय चांदीत हीणही वाढवलं. त्याच वर्षी रोम आगीत होरपळलं होतं.

हा बदल भारतात चटकन ओळखला गेला असावा. इथे सापडलेल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची देनारियस भरपूर आहेत; नीरोनंतरची चांदी मात्र फारच थोडी. पैठण आणि तेरहून माल भडोचला जाई आणि तिथे रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफ्याने खपत. अशा व्यापाऱ्यांना सम्राटाच्या छापापेक्षा चांदीचा कस महत्त्वाचा वाटला असणार, असं मला हे साठे पाहून वाटतं.

घसरण पुढे थांबली नाही, कारण सैन्य महाग होत गेलं. ऑगस्टसच्या वेळी साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत. डोमिशियनने ते ३०० केले. सेप्टिमियस सेव्हेरसने पगार आणखी वाढवला आणि चांदी जेमतेम निम्म्यावर आणली. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने नवं नाणं काढलं: किंमत दोन देनारियसची, चांदी मात्र सुमारे दीड देनारियसची. लोकांनी जुनी, चोख नाणी दडवून ठेवली, आणि बाजारात हिणकस तेवढीच फिरत राहिली. इ.स. २७० च्या आसपास त्या नाण्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती. तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा, बस्स.

डायोक्लेशियनने इ.स. ३०१ मध्ये हजाराहून अधिक वस्तू आणि मजुरीचे कमाल दर ठरवले. मोडणाऱ्याला मृत्युदंड होता, तरी हुकूम टिकला नाही. भाव चढण्याचं मोठं कारण नाण्यातच होतं, ते व्यापाऱ्यांच्या हावरेपणात शोधून काय उपयोग?

कॉन्स्टंटाइनने सोन्याचं सॉलिडस काढलं, पौंडाला ७२. त्याचा कस कॉन्स्टँटिनोपलमध्ये अकराव्या शतकापर्यंत बराचसा टिकला. पण सोनं सैनिकांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि श्रीमंतांच्या हाती खेळत होतं. गरिबाच्या हाती पडणारं तांब्याचं नाणं चौथ्या शतकातही हलकंच होत राहिलं.