टॅपेट कव्हर उघडून इंजेक्टर तपासणी: ट्रकमालक आणि चालकांसाठी माहिती

धूर वाढला, पिकअप गेला, आयडलिंगला इंजिन थरथरते, अशी तक्रार घेऊन ट्रक आमच्याकडे येतो तेव्हा बहुतेक मालकांनी मनात इंजेक्टरला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाला, दोषी ठरवलेले असते. अनेकदा ते बरोबरही निघते. तरीही टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचे झाकण, लगेच उघडायला आम्ही तयार नसतो. कव्हर निघाले की इंजिनचा सर्वांत नाजूक भाग हवेला आणि धुळीला उघडा पडतो. तेव्हा आत हात घालण्याआधी बाहेरून जे कळू शकते, ते सगळे कळलेले असावे, असा आमचा आग्रह असतो.

इंजेक्टर कव्हरखाली का असतो?

सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात इंजेक्टर बरोबर मधोमध, सरळ उभा बसवता येतो. त्यामुळे डिझेलचा फवारा सगळीकडे सारखा पसरतो. पण ती जागा येते थेट रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या हातांच्या) मधे, म्हणजेच कव्हरखाली. कॅमशाफ्टवर चालणारे युनिट इंजेक्टर (पंप आणि इंजेक्टर एकाच भागात असलेले) तर असतातच कव्हरच्या आत. काही इंजिनांत इंजेक्टरचे डोके कव्हरच्या बाहेर येते आणि कव्हर न काढताच काम होते. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या 2001 ते 2004 दरम्यानच्या पहिल्या आवृत्तीत इंजेक्टर कव्हरखाली होते, पुढच्या आवृत्तीत ते बाहेरून काढता येतील असे केले गेले. म्हणून शेजारच्या गाडीला लागलेला वेळ तुमच्या गाडीला लावून पाहू नका.

आधी बाहेरची तपासणी

डिझेल फिल्टर तुंबला असेल किंवा लाइन हवा घेत असेल, तर इंजिन अगदी खराब इंजेक्टरसारखेच वागते. ते आधी पाहतो. मग स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरला ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किती डिझेल कमी-जास्त करतो आहे, ते वाचतो. एकेक इंजेक्टर क्षणभर बंद करून आवाज ऐकतो. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच दबते, आणि आधीच काम न करणारा बंद केला तर काहीच फरक पडत नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून (रेलमधून) डिझेल मिळते अशा गाडीत, रिटर्नला म्हणजे टाकीकडे परत जाणारे डिझेल मोजतो. आतून झिजलेला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो, त्यामुळे रेल प्रेशर बनत नाही आणि स्टार्ट करताना स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. कॉम्प्रेशनही तपासतो, कारण कॉम्प्रेशन गेलेल्या सिलिंडरमध्ये नवा इंजेक्टर टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

एक लक्षण मात्र अजिबात थांबू देत नाही. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले, पातळ वाटले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी चालवू नका, आम्हाला फोन करा. कव्हरखालच्या इंजेक्टरच्या जोडातून किंवा रिटर्न लाइनमधून गळणारे डिझेल सरळ ऑइलमध्ये उतरते, बाहेर थेंबही दिसत नाही. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत.

कव्हर उघडताना

इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणून गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून सोडा. कॉमन रेलमधले प्रेशर 1600 बारच्या पुढे जाते. ट्रकच्या टायरमध्ये 8 बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. चालू इंजिनची हाय प्रेशर नळी सैल करून एअर काढण्याचा जुना प्रकार या गाड्यांवर कोणीही करू नये. त्या धारेने कातडी फाडून डिझेल शरीरात शिरते, आणि बाहेरून जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते.

बॅटरीची केबल काढतो, वरचा सगळा भाग हवेने आणि क्लीनरने साफ करतो, मगच बोल्टला पाना लागतो. आत सुती चिंधी वापरत नाही, तिचे तंतू राहतात. उघडलेल्या प्रत्येक नळीला लगेच टोपी बसते. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. तिथे धुळीचा एक कण पुरेसा आहे.

कव्हर निघाल्यावर आधी बघतो ते वायरिंग. ऑइल आणि उष्णतेने कडक होऊन तडकलेली वायर, सैल पडलेला कनेक्टर यांमुळेही सिलिंडर मरतो, आणि मग इंजेक्टर बदलायची गरजच उरत नाही. त्यानंतर इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आहे का ते पाहतो. असेल तर खालचा कॉपर वॉशर सीलिंग सोडून ज्वलनाचा वायू वर येऊ देतो आहे. असा इंजेक्टर काजळीत जाम बसलेला असतो. तो पुलरनेच काढावा लागतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की खराब झालाच. काही कमिन्स इंजिनांत आधी बाजूची फीड नळी मागे घ्यावी लागते, मगच इंजेक्टर वर येतो. त्याच इंजिनांत इंजेक्टरवरचे वायरचे छोटे नट जेमतेम दीड न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. हाताच्या अंदाजाने ओढले की स्टड तुटतो आणि चांगला इंजेक्टर बाद होतो. त्या नटांसाठी आम्ही वेगळा छोटा टॉर्क पाना ठेवला आहे.

परत बसवताना

कॉपर वॉशर, ओ-रिंग आणि कव्हरचे गॅस्केट नवेच लागते. जुने परत वापरायचा आग्रह कृपया धरू नका. कंपनीने एकदाच वापरायची म्हणून सांगितलेली हाय प्रेशर नळीही नवीच बसते. गॅस्केटवर सिलिकॉन फासायचे नाही. कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांवरच तेवढा ठिपका. जास्तीचे सिलिकॉन सुटून ऑइलच्या जाळीत अडकते. नव्या इंजेक्टरवर कोड असेल तर तो ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर नवा इंजेक्टरही खडखडतो. युनिट इंजेक्टर असेल तर टॅपेट सेटिंगही त्याच वेळी होते.

सहापैकी एकच खराब निघाला तर आम्ही एकच बदलतो. बाकीच्यांचे आकडे काठावर असतील तर ते तुम्हाला दाखवतो, निर्णय तुमचा. काढलेले सुटे भाग तुमच्या हातात देतो. ज्या कंपन्या जुना इंजेक्टर परत घेतात तिथे तो द्यावा लागतो, तेव्हा आधी तुम्हाला दाखवतो.

ऑइलमध्ये डिझेल गेलेले असेल तर ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलतो. गाडी नेल्यावर पहिल्या 100 किलोमीटरनंतर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून, सपाट जागेवर डिपस्टिक पाहा. ऑइल वर चढलेले दिसले किंवा कव्हरच्या कडेला ओल दिसली, तर गाडी तिथेच उभी करा आणि आम्हाला कळवा.