चिपची नाकेबंदी: मुळं किती खोल आहेत

७ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार. अमेरिकेच्या वाणिज्य मंत्रालयाने शंभराहून जास्त पानांची एक नियमावली जाहीर केली. चीनला कोणत्या क्षमतेच्या वरच्या चिप विकायच्या नाहीत, त्या बनवणारी कोणती यंत्रं पाठवायची नाहीत, हे त्यात होतंच. एक कलम मात्र निराळं होतं. अमेरिकेचा नागरिक किंवा तिथे कायम राहण्याचा परवाना असलेला कुणीही चीनमधल्या प्रगत चिप-कारखान्याला मदत करत असेल, तर त्यालाही आधी सरकारची परवानगी घ्यावी लागणार होती. काही दिवसांतच अमेरिकी यंत्रकंपन्यांनी आपले अभियंते चिनी कारखान्यांतून परत बोलावले. यंत्रं जागच्या जागी उभी राहिली, ती सांभाळणारे हात गेले.

त्या दिवसापासून 'चिपयुद्ध' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. या झगड्याचा इतिहास मात्र पाऊणशे वर्षांचा आहे, आणि तो चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. तयार वस्तू अडवणं कुणालाच नीट जमलेलं नाही. ती बनवणारं यंत्र आणि ते यंत्र जाणणारा माणूस अडवला, तेव्हाच नाकेबंदी लागू पडली आहे.

सुरुवात १९४९ ची. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपची दोन गटांत फाळणी झाली आणि अमेरिकेने मित्रदेशांना घेऊन कोकॉम नावाची समिती काढली. कचेरी पॅरिसमध्ये होती. तिच्यामागे कसलाही लेखी तह नव्हता. सोव्हिएत गटाला काय विकायचं नाही याच्या याद्या एकमताने ठरायच्या आणि प्रत्येक देशाने त्या आपापल्या कायद्याने पाळायच्या.

चिप या याद्यांत येणं अटळ होतं, कारण तिचा पहिला मोठा गिऱ्हाईक सरकारच होतं. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी आणि पाठोपाठ १९५९ मध्ये फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांनी एकाच तुकड्यावर अख्खं सर्किट बसवण्याचा मार्ग काढला. त्या महागड्या तुकड्यांना सुरुवातीला बाजार मिळाला तो अपोलो यानाच्या मार्गदर्शक संगणकात आणि मिनिटमन-२ क्षेपणास्त्रात. पुढे व्हिएतनाम युद्धात थान्ह होआचा पूल वर्षानुवर्षं शेकडो बॉम्ब झेलून उभा होता. मे १९७२ मध्ये लेझरने नेम धरणारे बॉम्ब आले आणि तो पडला. आपलं शस्त्र कुठे पडतं हे ज्याला अचूक ठरवता येतं, त्याला कमी शस्त्रं पुरतात, हा हिशेब तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या सेनापतींना नीट कळला होता.

सोव्हिएत संघ गाफील नव्हता. मॉस्कोजवळचं झेलेनोग्राद हे आखीव शहरच या उद्योगाला वाहिलेलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ उत्तम होते. चुकलं ते धोरण. अमेरिकी चिप मिळवायची, उघडायची आणि हुबेहूब तशीच बनवायची, असा मार्ग वरून ठरवला गेला. चिपचा एकेक थर उकलून त्याचं छायाचित्र काढता येतं हे खरं. पण भट्टी किती तापवायची, वायू किती शुद्ध हवा, कोणत्या रसायनात वेफर, म्हणजे जिच्यावर चिप घडतात ती सिलिकॉनची पातळ चकती, किती सेकंद बुडवायचं, यातलं काहीच त्या छायाचित्रात नसतं. ते कारखान्याच्या वहीत असतं, आणि बरंचसं तर वहीतही नसतं. वर्षानुवर्षं तेच काम केलेल्यांच्या हाताला ते ठाऊक असतं. नक्कल जमेपर्यंत मूळ चिप जुनी झालेली असे.

म्हणून सोव्हिएत हेरखात्याने यंत्रांकडे मोर्चा वळवला. १९८१ मध्ये व्लादिमीर वेत्रोव या केजीबी अधिकाऱ्याने फ्रान्सला हजारो कागद पुरवले आणि तंत्रज्ञान पळवण्याचा हा उद्योग किती पसरला आहे ते उघड झालं. अध्यक्ष मितराँ यांनी ती माहिती रेगन यांच्या कानावर घातली. मग १९८७ मध्ये आणखी एक प्रकरण बाहेर आलं. जपानच्या तोशिबा मशीन या कंपनीने अनेक अक्षांवर फिरणारी मोठी कातकाम यंत्रं आणि नॉर्वेच्या काँग्सबर्गने त्यांची नियंत्रणप्रणाली, कोकॉमचे नियम डावलून सोव्हिएत संघाला विकली होती. त्यावर पाणबुड्यांचे कमी आवाज करणारे पंखे घडवता येत होते. अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी कॅपिटॉलच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. ते छायाचित्र आजही अंगावर येतं. बिचाऱ्या रेडिओचा यात काही दोष नव्हता, पण संताप योग्य ठिकाणी होता: शत्रूला वस्तू मिळाली नव्हती, ती घडवण्याची ताकद मिळाली होती.

त्याच काळात अमेरिकेची दुसरी चुरस खुद्द जपानशी चालली होती. मेमरी चिपच्या बाजारात जपानी कंपन्यांनी अमेरिकेला मागे टाकलं होतं. १९८६ मध्ये दोन देशांत चिपचा करार झाला. तो पाळला जात नाही म्हणून १९८७ मध्ये रेगन यांनी ३०० दशलक्ष डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के जकात लावली. त्या दडपणाखाली दक्षिण कोरियाच्या कंपन्यांना बाजारात शिरायला वाट मिळाली, हा या भांडणाचा कुणीही न ठरवलेला परिणाम. चिपच्या इतिहासात असं वारंवार झालं आहे. एकाची कोंडी करावी आणि फायदा तिसऱ्याने न्यावा.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर कोकॉमचं काम संपलं आणि १९९४ मध्ये ती बंद झाली. १९९६ मध्ये तिच्या जागी वासेनार व्यवस्था आली. पण तिच्यात कुणालाच कुणाची विक्री रोखण्याचा अधिकार नव्हता. जग एक बाजारपेठ होणार आणि बाजारपेठच सगळ्यांना शहाणं करणार, असं तेव्हा मनापासून मानलं जात होतं.

आजच्या नाकेबंदीचा पाया कोकॉम बंद होण्याआधीच घातला जाऊ लागला होता आणि या मोकळ्या वर्षांत तो पक्का झाला, तोही कुणी ठरवून नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढलेले मॉरिस चँग तैवानला गेले आणि १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी सुरू केली. आपली स्वतःची चिप बनवायची नाही, फक्त दुसऱ्यांच्या आराखड्याबरहुकूम बनवून द्यायची, ही कल्पना तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटली. त्याआधी तीन वर्षं, १९८४ मध्ये, नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमध्ये, चिपवर प्रकाशाने नक्षी कोरणारी यंत्रं बनवणारी एएसएमएल सुरू झाली होती. आराखडा कॅलिफोर्नियात, रसायनं जपानची, कोरीव काम करणारं यंत्र डच, कारखाना तैवानचा, जुळणी मलेशियात किंवा चीनमध्ये. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम इतकं बारीक केलं की दुसऱ्याला ते जमेनासं झालं.

ते किती बारीक, हे पाहायचं तर एएसएमएलच्या ईयूव्ही, म्हणजे अतिशय आखूड तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरणाऱ्या, यंत्रात डोकवावं लागेल. वितळलेल्या कथिलाचा एक थेंब, केसाच्या जाडीहून लहान, निर्वात पोकळीतून झेपावतो. लेझरच्या पहिल्या फटक्याने तो चपटा होतो. दुसरा फटका जोरदार असतो. त्याने थेंबाचा प्लाझ्मा होतो आणि १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फुटतो. हे सेकंदाला ५० हजार वेळा चालतं. हा प्रकाश हवा गिळते आणि काचही गिळते, म्हणून यंत्राच्या आत निर्वात पोकळी ठेवावी लागते आणि भिंगांऐवजी जर्मनीच्या झाइस कंपनीचे आरसे वापरावे लागतात. लेझर जर्मनीच्या ट्रुम्फचा. प्रकाश निर्माण करणारा भाग सॅन दिएगोच्या सायमर कंपनीचा. ती एएसएमएलने २०१३ मध्ये विकत घेतली. या तंत्राची बरीच मूळ पायाभरणी अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत झाली होती. या यंत्रासारखं दुसरं यंत्र जगात कुणी विकत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे साऱ्या जगाचं एकच नाक होतं.

चीनला हा धोका दिसत होता. २०१४ मध्ये त्याने चिप-उद्योगासाठी 'बडा निधी' उभारला, २०१५ मध्ये 'मेड इन चायना २०२५' ची घोषणा केली. २०१८ मध्ये चीनची चिपची आयात ३०० अब्ज डॉलरच्या वर गेली, म्हणजे खनिज तेलाच्या आयातीहून जास्त. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने झेडटीई या दूरसंचार कंपनीला सुटे भाग विकण्यावर बंदी घातली. इराणवरचे निर्बंध मोडल्याच्या जुन्या प्रकरणातली वचनं तिने पाळली नव्हती. काही आठवड्यांत या बलाढ्य कंपनीला आपलं मुख्य काम थांबवावं लागलं. जुलैमध्ये १ अब्ज डॉलर दंड भरून ती सुटली, पण बीजिंगमध्ये जो धसका बसला तो आजवर गेलेला नाही.

मग हुवावे, चीनची फोन आणि दूरसंचार कंपनी. मे २०१९ मध्ये तिचं नाव काळ्या यादीत गेलं. अमेरिकी माल बंद झाला, पण हुवावेच्या चिप तर तैवानमध्ये बनत होत्या. मे २०२० मध्ये अमेरिकेने नियम ताणला: अमेरिकी यंत्र किंवा सॉफ्टवेअर वापरून जगात कुठेही हुवावेच्या आराखड्याची चिप बनत असेल, तर तिलाही अमेरिकेचा परवाना हवा. असं यंत्र नसलेला प्रगत कारखाना अस्तित्वातच नव्हता. सप्टेंबर २०२० नंतर टीएसएमसीकडून हुवावेला माल जाणं थांबलं. कोकॉमच्या काळात वस्तू सरहद्दीवर अडवली जायची. आता अमेरिकेचा कायदा यंत्राबरोबर प्रवास करू लागला. मला यातला खरा टप्पा हाच वाटतो. २०२२ ची नियमावली त्याचीच मोठी आवृत्ती होती, फक्त एका कंपनीऐवजी अख्ख्या देशासाठी.

ईयूव्ही यंत्राचा दरवाजा तर त्याहून आधीच, डच सरकारने २०१९ पासून चीनसाठीचा परवाना न दिल्याने, बंद झाला होता. जुलै २०२३ मध्ये जपानने २३ प्रकारच्या यंत्रसामग्रीवर आणि सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सने आधीच्या पिढीच्या काही डीयूव्ही यंत्रांवरही परवान्याची अट घातली. ही मोहीम तडीस नेताना वॉशिंग्टनला मित्रांचं मन वळवायला महिनोन्महिने लागले. एकट्या अमेरिकेच्या हातात सगळी नाकी कधीच नव्हती.

तयार चिपच्या बाबतीत मात्र पाठशिवणीचा खेळ सुरू झाला. एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरल्या जाणाऱ्या ए-१०० चिपमध्ये दुसऱ्या चिपशी बोलण्याचा वेग सेकंदाला ६०० गिगाबाइट होता आणि नियमाची मर्यादा नेमकी तीच होती. कंपनीने तो ४०० वर आणून ए-८०० काढली आणि चीनला विकली. तशीच एच-८००. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही वाट बंद झाली, तर एच-२० आली. पण मधल्या वर्षात विकल्या गेलेल्या चिप कुठे गेल्या? डीपसीक या चिनी कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये आपलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल जाहीर केलं तेव्हा ते २,०४८ एच-८०० चिपवर शिकवल्याचं तिनेच लिहिलं. चिप पेटीत मावते आणि हातोहात पुढे जाते. ईयूव्ही यंत्र हलवायला ४० कंटेनर लागतात आणि ते सुरू ठेवायला विक्रेत्याचीच माणसं लागतात. एवढा फरक पुरेसा आहे.

यंत्रं नसली म्हणून चीन हातावर हात ठेवून बसला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो चीनच्या दौऱ्यावर असतानाच, हुवावेचा मेट ६० प्रो फोन बाजारात आला. फोन खोलणाऱ्यांना आत एसएमआयसी या चिनी कंपनीच्या कारखान्यातली ७ नॅनोमीटर दर्जाची चिप सापडली. जुन्या डीयूव्ही यंत्राने एकच थर अनेकदा आखून हे साधतं. वेळ जास्त जातो, बाद होणारा माल वाढतो, खर्च चढतो. तरी चिप मिळते. त्यापुढची पायरी या मार्गाने चढणं फार कठीण आहे, हेही तितकंच खरं.

२०२५ साली धोरणच डळमळलं. एप्रिलमध्ये एच-२० वर परवान्याची अट आली, जुलैमध्ये ती विकू देण्याचं ठरलं, ऑगस्टमध्ये चीनमधल्या विक्रीचा १५ टक्के वाटा अमेरिकी सरकारला द्यायचं ठरलं, आणि डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी तिच्याहून कितीतरी ताकदवान एच-२०० ला २५ टक्के वाट्यावर संमती जाहीर केली. सुरक्षेसाठी घातलेला निर्बंध पैसे घेऊन उठवायचा असेल, तर ज्या मित्रदेशांनी आपल्या कंपन्यांचं नुकसान सोसून साथ दिली त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

दरम्यान समोरच्यालाही दाबायला नाक सापडलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने चिप-उद्योगाला लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाना लावला, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला ती विकणंच बंद केलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये दुर्मीळ मृदा खनिजांतली काही मूलद्रव्यं यादीत घातली. ऑक्टोबरमध्ये त्याने या यादीचा आवाका इतका वाढवला की चिनी खनिजाचा अंश असलेल्या परदेशी मालालाही बीजिंगचा परवाना लागावा. हुवावेसाठी घडवलेलं हत्यार उलटं फिरलं होतं. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, आणि हा वाढीव भाग एका वर्षापुरता स्थगित झाला.

त्याच महिन्यात नेदरलँड्समध्ये जे घडलं त्यात प्रगत चिपचा संबंधही नव्हता. नेक्सपेरिया ही कंपनी डच, पण मालकी चिनी. ती बनवते साधे डायोड आणि ट्रान्झिस्टर, एका मोटारीत शेकड्यांनी लागणारे, किमतीने क्षुल्लक. सप्टेंबरअखेर डच सरकारने तिच्या कारभारावर ताबा मिळवला. ४ ऑक्टोबरला चीनने तिथल्या कारखान्यातला माल बाहेर जाणं रोखलं. वेफर जर्मनीत हँबुर्गला बनत होते, पण त्यांचे तुकडे करून पायांसकट बंदिस्त करण्याचं बरंचसं काम चीनमध्ये डोंगग्वानला होतं. महिना संपायच्या आत होंडाला मेक्सिकोतल्या कारखान्यात मोटारींची जुळणी थांबवावी लागली. १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला आदेश स्थगित केला.