आंबलेली मांडी आणि दुखरा टोंगळा

"सर, पाय दुखायलाय." रविवारी मॅच झाली की सोमवारी परभणीच्या मैदानावर हे वाक्य दहा तोंडांतून ऐकू येतं. मैदान मुरमाचं, दुखणारच. कैक वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: दोन राऊंड मार, मोकळे होतील. नऊ जणांचे होतातही. दहाव्याचे होत नाहीत.

नऊ जणांचं अंग आंबलेलं असतं. पळता पळता गचकन थांबताना, उडीवरून खाली येताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं उशिरा सुरू होतं, 24 ते 72 तासांत कळस गाठतं आणि आपसूक उतरतं. (लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुखतं, असं अजूनही सांगतात. ते तर खेळ संपल्यावर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं.) बहुतेक वेळा दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सगळ्याच भरून येतात.

दहाव्याला विचारा, नेमकं कुठं? तो टोंगळ्याच्या वाटीखाली, नडगी सुरू होते तिथं, एकच बोट ठेवतो. दाबलं तर कळवळतो. कधी तिथं टणक उंचवटाही लागतो. हा ऑसगुड-श्लाटर नावाचा आजार. 1903 साली एका अमेरिकन आणि एका स्विस डॉक्टरनं तो वेगवेगळा नोंदवला, म्हणून हे जोडनाव. मुलांची उंची साधारण 13-14 व्या वर्षी सगळ्यात झपाट्यानं वाढते, मुलींची दोनेक वर्षं आधी. हाड लांब होतं, मांडीचा स्नायू मागं राहून ताठरतो आणि प्रत्येक किकला वाटीखालची जागा ओढतो. तिथं अजून पक्कं हाड नसतं, कूर्चा असते.

घोळ होतो तो वयामुळं. आठवीत एकाला मिसरूड फुटलेलं, दुसरा अजून चौथीतला वाटतो. आधारवर दोघंही तेराचे. त्यात बारक्यांचे स्नायू दमल्यावर लवकर ताजे होतात, आंबतातही कमी. तो बारका मंगळवारी उड्या मारतो आणि उंच पोरगं बसून राहतं. अशाच एकाला मी सगळ्यांसमोर कामचोर म्हणालो होतो. त्याचा टोंगळा मी बघितलासुद्धा नव्हता.

आंबलेल्याला हलकं पळवा, पोटभर खाऊ द्या, झोपू द्या. टोंगळेवाल्याच्या उड्या आणि जोरकस किक कमी करा, बर्फ लावा. गाठ तेलानं चोळून जिरत नाही. खेळ पूर्ण बंद करावा लागतोच असं नाही. वाढ थांबली की दुखणं सहसा जातं, उंचवटा मात्र राहू शकतो. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा लंगडणं दिसलं, तर थेट हाडाच्या डॉक्टरकडं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी पोरांना भिंतीला उभं करून पेन्सिलीनं खूण करतो. तीन महिन्यांत खूण दोन-अडीच सेंटिमीटर वर सरकली, की त्या पोराच्या उड्या निम्म्या.